अकरा जणांची पुंजी आणि माझ्या दोन लाइनी

बालमित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. करडा, तारेचा, दोन लाइनींचा. अमेरिकेतल्या डुलुथ शहरात बर्फ लोटणाऱ्या ट्रकांची पाती दुरुस्त करणारा एक कारखाना आहे, तिथल्या कचेरीत माझी एकवीस वर्षं गेली. मला जिथे बनवलं तिथून खोक्यात घालून इथे पाठवलं, तेव्हा माझ्या बटणांवरचे आकडे लख्ख होते. आता पाचाचा आकडा पार पुसला गेला आहे.

पहिली वर्षं मानाची होती. हिमवादळ आलं की मी पहाटेपासून खणखणायचो. मालक हार्लन किन्नुनेन माझ्यावर हात ठेवून म्हणायचे, "याच्यावर आपलं पोट आहे." पुढे सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले आणि लोक माझ्यावर कॉफीचा मग ठेवू लागले. हिशेब सांभाळणाऱ्या मार्लिसबाई तेवढ्या रोज फडक्याने मला पुसत.

मग ते वर्ष आलं. ते आठवलं की अजून माझ्या तारेला पीळ पडतो.

तोवर आमच्या अकरा कामगारांचे पगार, विमा आणि निवृत्तीची पुंजी एक मोठी कंपनी बघत असे. शेकडो लहान कारखान्यांची तिने एकच सामाईक योजना केली होती. तिने दर फार वाढवले, तेव्हा हार्लन वैतागले.

"बाहेर पडू. निवृत्तीची योजना आपली आपण काढू. त्यात काय अवघड आहे?"

"तुला काहीच अवघड नसतं हार्लन, कारण कागद मी भरते," मार्लिसबाई म्हणाल्या.

जानेवारीत नवी योजना कागदावर उभी राहिली आणि तिचे पैसे सांभाळायला एक नवी कंपनी नेमली. विश्वस्त म्हणून हार्लननी न वाचताच सही ठोकली. बाईंनी कागद परत त्यांच्यापुढे सरकवला. "वाच. पैशांचं काही बरंवाईट झालं तर लोक तुझ्या दारात येतील, असं लिहिलंय यात." हार्लननी चष्मा शोधला आणि तासभर वाचत बसले.

पगारातून कापलेले नवे पैसे नव्या योजनेत जाऊ लागले. जुनी पुंजी मात्र अजून जुन्या कंपनीकडेच होती. ती इकडे येईपर्यंत खाती बंद राहणार होती, कुणालाही एक डॉलर काढता येणार नव्हता. आठ आठवडे लागतील असं सांगण्यात आलं.

आठाचे सोळा झाले. एकदा पुंजी हलवायचा अर्ज परत आला, कारण कारखान्याच्या नावात 'आणि' हा शब्द अक्षरांत लिहिला होता आणि जुन्या कंपनीच्या दप्तरात तिथे '&' ही खूण होती. एकदा सहीची तारीख जुनी झाली. ती जुनी का झाली, तर अर्ज त्यांच्याकडेच महिनाभर पडून होता. दर वेळी नवा माणूस आणि दर वेळी पहिल्यापासून सगळी कहाणी. मधल्या वेळात ते आम्हाला ताटकळत ठेवत आणि माझ्या कानातून तेच संगीत. मित्रांनो, मी यंत्र आहे, तरी मला त्या सनईसारख्या सुराची शिसारी आली.

या सगळ्यात खरा अडकला तो व्हर्नन स्कार. सदुसष्ट वर्षांचा वेल्डर. हिवाळ्यात त्याची बायको बेटी हिला अर्धांगाचा झटका आला होता. मे महिन्यात काम सोडायचं, बेमिजी गावी लेकीशेजारच्या लहान घरात राहायचं आणि बेटीला चाकाच्या खुर्चीतून आत नेता येईल अशी न्हाणी बांधायची, असं त्याने ठरवलं होतं. पण पैशाशिवाय न्हाणी नाही आणि न्हाणीशिवाय घर नाही.

मे संपला, तरी तो दुखऱ्या खांद्याने पाती जोडतच होता. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो कचेरीच्या दारात उभा राहिला.

"काही कळलं का?"

"उद्या सांगतो म्हणाले."

"बरं." तो टोपी फिरवत राहिला. "मी काही घाई करत नाही, मार्लिस. पण मी तिला अजून खुर्चीत बसवून परातीतल्या पाण्याने पुसून काढतो. ती काही बोलत नाही. नुसती भिंतीकडे बघते."

तो गेल्यावर बाईंनी डबा उघडून माझ्याजवळ ठेवला आणि नंबर फिरवला. एक तास चाळीस मिनिटांनी जुन्या कंपनीतल्या कोणी डेनिस नावाच्या बाई बोलल्या.

"आम्ही तपासून तुम्हाला कळवू, मॅडम."

"नको. तुम्ही तपासा, मी इथेच आहे. जेवण आणलंय मी."

थोड्या वेळाने डेनिसबाई चाचरत म्हणाल्या, "पैसे तर आमच्याकडून तीन आठवड्यांपूर्वीच गेलेत."

मार्लिसबाईंचा घास हातातच राहिला. त्यांनी माझी दुसरी लाइन दाबली आणि नव्या कंपनीला गाठलं. तिथल्या माणसाने शांतपणे सांगितलं, "एक मोठी रक्कम आलीय खरी. पण कुणाचे किती, ते कळवलेलंच नाही. म्हणून बाजूला ठेवलीय."

मग त्यांनी दोन्ही लाइनी जोडणारं माझं बटण दाबलं. अकरा वर्षांत कुणी त्याला हात लावला नव्हता.

"डेनिसबाई, हे नव्या कंपनीचे. साहेब, या जुन्या कंपनीच्या. तुम्ही दोघं माझ्याशी सहा महिने बोललात, आता जरा एकमेकांशी बोला. मी ऐकते."

पलीकडे कागदांची सळसळ ऐकू आली. कुणाचे किती याची यादी जुन्या कंपनीच्या एका यंत्रात अडकून राहिली होती. ती पाठवायची कुणी, यावर दोघांचा वाद होता आणि तो वाद ते आमच्यामार्फत घालत होते. यादी त्याच दुपारी गेली. बाईंनी माझा रिसिव्हर ठेवला तेव्हा त्यांचा कान लालबुंद झाला होता.

खाती जुलैत उघडली. व्हर्नन त्याच आठवड्यात काम सोडून बेमिजीला गेला. ऑगस्टच्या शेवटी त्याचा फोन आला. न्हाणीतला धरायचा दांडा गवंड्याने चुकीच्या बाजूला बसवला, म्हणून तो कुरकुरत होता. पलीकडे पाण्याचा आवाज येत होता, आणि बेटी त्याला अडखळत, पण चांगलीच रागावून काहीतरी सांगत होती.

"काय म्हणते?" मार्लिसबाईंनी विचारलं.

"फोन ठेव म्हणते. साबण डोळ्यात गेलाय."

मित्रांनो, हार्लन आता ही लाइन बंद करायची म्हणतात. माझं काही म्हणणं नाही, मी पुष्कळ ऐकलं. एवढंच मागतो: उद्या तुम्ही मोठे होऊन कुठल्या टेबलामागे बसाल, तुमच्या हाती कुणाच्या आयुष्यभराच्या कष्टाचे कागद येतील. तेव्हा फोन वाजला तर त्या माणसाला संगीत ऐकवू नका. उचला, आणि आधी त्याचं नाव विचारा.