लाल गाडीतल्या टापा

उदगीरच्या बायपासचा जो तुकडा अजून रहदारीला उघडला नव्हता, तिथं त्या सकाळी जत्राच भरली होती. रसवंतीचा गाडा आला, फुगेवाला आला, जळकोटहून ट्रॉलीभर माणसं आली. सगळ्यांच्या मधोमध ती गाडी उभी. लाल, लांब नाकाची, रुंद खांद्याची. अमेरिकेत जन्मली, हैदराबादच्या कुठल्याशा गॅरेजात धूळ खात म्हातारी झाली आणि मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, मल्लिकार्जुनअप्पानं हौसेनं इकडं आणली.

बोनटवर गुलाबी रेशमी कापड होतं. कापडाशेजारी अश्वनाथ महाराज डोळे मिटून उभे. वय मोठं नव्हतं, दाढी मात्र मोठी होती.

"इंग्रज हॉर्सपॉवर म्हणतो," महाराज बोलले. "हॉर्स म्हणजे घोडा. इंग्रजाकडं नुसतं नाव हाय. घोडा आपल्याकडं हाय. बोलवला की येतो. पण त्याला गर्दीतला मोबाईल खपत न्हाई. तेवढे बंद करा."

घोडा मोठा लाजाळू. कॅमेरे खिशात गेल्याशिवाय अंगात येत नसे.

आधी महाराजांच्या शिष्यानं कापडाखाली शिरून, बोनट उचलून इंजिनाला तीन बोटांची विभूती लावली आणि गाडीची एक फेरी झाली. गाडी आजारी म्हशीसारखी कण्हत गेली, तशीच कण्हत आली. लोक हळहळले. मग आरती सुरू झाली. धूप इतका पेटवला की पुढचा माणूस दिसेना. शिष्य पुन्हा कापडाखाली शिरला. घोड्याला खरारा करायचा असतो, असं महाराजांनी सांगितलं. टाळ वाजत राहिले, खरारा होत राहिला. आरती संपली तसा तो घामाघूम होऊन बाहेर आला.

दुसऱ्या फेरीला गाडीनं जमीनच सोडली जणू. मागची चाकं किंचाळली आणि लाल ठिपका बघता बघता रस्त्याच्या टोकाला गेला. परत आली तेव्हा बोनटच्या आतून आवाज येत होता. टक टक टक टक. माळेगावच्या जत्रेत जन्मभर घोड्यांचे सौदे केलेला एक म्हातारा कान लावून पुढं झाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"टापा हायत," तो म्हणाला. "दुडकी चाल. मला नका शिकवू."

आमच्या भागातल्या माणसाला घोड्याची चाल कानानं कळते. त्या दिवशी त्या कानांनीच घात केला. कुणाला शंका आली नाही, कारण आवाज ओळखीचा होता.

खराऱ्यात इंजिन पुसलेलं ते कापड महाराजांनी झटकलं. त्यातून पडलेली विभूती राखाडी झाली होती. तिच्यात काळे बारीक कण होते, केसासारखे तंतू होते. ती घोड्याची आयाळ ठरली. पुड्या बांधल्या गेल्या. कुणी ट्रॅक्टरला बांधली, कुणी पिठाच्या गिरणीला.

दोन्ही फेऱ्यांना गाडी चालवत होता धम्मदीप. गंजलेला सांगाडा म्हणून आलेली ती गाडी त्यानंच उभी केली होती. स्क्रू न् स्क्रू त्याच्या हातचा. त्याची थोरली बहीण लुंबिनी लातूरच्या एका तंत्रनिकेतनात इंजिनं शिकवायची. दोघं फोनवर बोलायचे ते पिस्टनबद्दल आणि आईच्या गुडघ्याबद्दल.

ह्या गाडीच्या इंजिनावर एक पंप बसवलेला होता. सुपरचार्जर म्हणतात त्याला. पट्ट्यानं फिरतो आणि इंजिनात हवा कोंबतो. हवा जास्त कोंबली की जोर वाढतो. मल्लिकार्जुनअप्पाला तो जोर अजून वाढवून हवा होता, दिवाळीनंतर लातूरला जुन्या गाड्यांचा मेळा होता तिथं मिरवायला. धम्मदीपनं त्याला समजावलं होतं की चुलीत फुंकर वाढवायची तर आधी सरपण वाढवावं लागतं. पेट्रोल जास्त पोचेल अशी सोय करू, चांगल्या प्रतीचं पेट्रोल वापरू, आत जाणारी हवा गार करू, ठिणगीची वेळ जुळवू, ब्रेक बदलू. प्रत्येक पायरीला मोजू. हवा सगळ्यात शेवटी, तीही थोडी थोडी. सहा महिने लागतील.

अप्पाला सहा महिने लांब वाटले. महाराजांनी ते काम एका आरतीत केलं.

आरतीच्याच दिवशी दुपारी धम्मदीपनं बहिणीला फोन लावला, गाडी चालू केली आणि फोन बोनटला टेकवला.

"आक्का, ऐक. टापा."

लुंबिनीनं दुसऱ्या कानावर हात ठेवून ऐकलं.

"दीपू, ह्या टापा न्हाईत. इंजिन ठोकून राहिलंय. पेट्रोल वेळेआधी पेटून राहिलंय आत. चावी काढ आधी."

"कालपर्यंत मी बी हेच म्हणलो असतो. पण ओढ बघ ना तिची. मी चालवली, आक्का. पाठ सीटला चिकटली माझी."

"बोनट उघड."

"उघडलं की घोडा जातो म्हणलेत. अप्पानं कडीला दोरा बांधलाय."

"तू मानतोस हे?"

पलीकडं गाडी बंद झाली. टापा थांबल्या. मग तो हलक्या आवाजात म्हणाला की मी सहा महिने मागितले तेव्हा सगळा मोंढा हसला होता. आता निदान माझ्या हातची गाडी पळते तरी. उद्या पुन्हा फेरी आहे, तू ये, बघ, मग बोल.

लुंबिनी सकाळच्या एसटीनं निघाली. चाकूर गेलं. सोयाबीन काढून झालेली रानं बोडकी पडली होती. ती दर थोड्या वेळानं फोन लावत होती आणि फोन बंद येत होता. महाराजांच्या घोड्याला मोबाईल खपत नव्हता.

पुढचं लोकांनी सांगितलं ते असं. गाडी सुटली. टापा दुडक्या होत्या त्या भरधाव झाल्या, आणि भरधाव झाल्या तसे लोक टाळ्या वाजवू लागले. मग आतून मोठा दणका झाला. इंजिनाचं पोट फुटलं, तापलेलं तेल रस्त्यावर सांडलं आणि गाडीची मागची चाकं त्याच तेलावरून गेली. गाडी आडवी फिरली आणि दाराच्या बाजूनं बाभळीवर आदळली. लांबच्या लोकांना वाटलं, हाही खेळच आहे. टाळ्या थांबायला थोडा वेळ लागला.

लुंबिनी एसटीतून उतरली तेव्हा धम्मदीप गेला होता. बाभळीपाशी फक्त चेपलेली गाडी आणि माणसं उभी होती.

घरी आई होती, पंचशीलाबाई. ती मोठ्यानं रडली नाही. दोन दिवस ती भिंतीला टेकून बसली आणि तिसऱ्या दिवशी, दळताना बायका म्हणतात तशी, कुणाला न सांगता तिच्या ओठांवर ओवी आली.

*वाऱ्याच्या पुढं गेला, माझ्या लेकराचा पाय,*
*मागं राहिली सावली, तिला जेवू घालू काय.*

दुसरी ओळ ती परत परत म्हणत राहिली. ऐकणाऱ्या बायांनी तोंडावर पदर घेतले.

त्याच दिवशी महाराजांचा शब्द मोंढ्यात फिरला. घोडा रागावला. का? तर सारथ्याच्या मनात शंका होती. विहारात जाणाऱ्या घरातलं पोरगं, त्याला श्रद्धा कुठली. लोक मान हलवू लागले. पोरगं गेलंच होतं, आता त्याच्या मरणाचा दोषही त्याच्याच माथी गेला.

हे ऐकून मल्लिकार्जुनअप्पाची आई, बसम्मा, स्वतः पंचशीलाबाईकडं आली. कपाळावर विभूतीचे पट्टे, हात जोडलेले. खाली बसली आणि चाचरत म्हणाली, महाराज म्हणतात तसं काही होतं का गं, पोरानं मनात काही धरलं होतं का?

दवाखान्यातून आलेलं धम्मदीपच्या कपड्यांचं गाठोडं कोपऱ्यात तसंच होतं. पंचशीलाबाईनं ते पहिल्यांदाच सोडलं. शर्टाच्या खिशात, काळजाच्या बाजूला, एक पुडी होती. राखाडी विभूती, काळे कण. ज्या घरात तीन पिढ्या कुणी अंगारा लावला नव्हता, त्या घरच्या लेकानं ती आईपासून लपवून जवळ ठेवली होती.

पंचशीलाबाईनं पुडी बसम्माच्या हातावर ठेवली.

"माझ्या लेकानं शंका न्हाई धरली, अव्वा. धरली असती तर घरी आला असता."

बसम्मानं पुडी उघडून पाहिली आणि पंचशीलाबाईला परत दिली. मग उठली, घरी गेली आणि लेकाला म्हणाली, त्याच्या इंजिनं शिकवणाऱ्या बहिणीला बोलव. माझ्या डोळ्यांदेखत उघड ते बोनट.

अप्पाच्या अडत दुकानापुढं, पोत्यांच्या थप्प्यांमध्ये, गाडीचा सांगाडा आणून ठेवला. महाराजही आले, न येणं परवडणारं नव्हतं. शिष्य मात्र बीदरकडं अनुष्ठानाला गेल्याचं कळलं. लुंबिनीनं बाह्या वर केल्या आणि दोरा कापून बोनट उघडलं.

"अप्पा, पंप फिरवणारं हे चाक बघा. दीपूनं ह्याला पिवळा रंग दिला होता ना?"

अप्पानं वाकून पाहिलं. "हाव. पिवळंच होतं." चाक कोरं, चकचकीत होतं. आणि लहान होतं.

"चाक लहान केलं की पंप जोरात फिरतो. हवा जास्त जाते. आरतीत हेच झालं. चार बोल्ट आणि पट्टा, एवढाच खरारा. हवा वाढली, पेट्रोल होतं तेवढंच राहिलं. आतली आग नको तेवढी तापली, नको तेव्हा पेटली."

"मग आधीची फेरी?" कुणीतरी विचारलं. "तवा तर चालतच नव्हती."

तिनं पंपाचा पट्टा ढिला केला, कोऱ्या कागदावर बसम्माच्या डबीतली पांढरी विभूती पसरून तो पट्ट्याखाली धरला आणि चाक हातानं जोर लावून फिरवलं. पट्टा घसरला, घासला. परत फिरवलं, परत घासला. कागदावर काळे कण पडले, तंतू पडले. पांढरी राख राखाडी झाली. तिनं कागद गर्दीत फिरवला आणि शेजारी भावाच्या खिशातली पुडी उघडून ठेवली. दोन्हींत फरक सांगता आला नसता.

"विभूती लावायच्या निमित्तानं आधी पट्टा ढिला केला, म्हणजे गाडी मुद्दाम रडवली. जळक्या रबराचा वास येऊ नये म्हणून धूप."

महाराज खाकरले. घोडा निघून गेल्यावर मागं लोखंडच दिसणार, असं काहीसं म्हणाले. विज्ञानाचा हात तिथवर पोचत नाही, हेही म्हणाले. नेहमी पोचणारा त्यांचा आवाज त्या दिवशी पुढच्या रांगेपर्यंतसुद्धा पोचला नाही.

लुंबिनीनं फुटक्या इंजिनातून एक पिस्टन काढला. वरच्या बाजूला भोक पडलं होतं, कडा मेणासारख्या वितळलेल्या. तो तिनं माळेगावच्या त्या म्हाताऱ्याच्या तळहातावर ठेवला.

"आजोबा, तुम्ही ऐकलं ते हे. आतून हातोडा बसावा तसा दणका, परत परत. इंजिन सांगून राहिलं होतं, मला थांबवा."

म्हाताऱ्यानं तो पिस्टन दोन्ही हातांनी धरला, पाखरू धरावं तसा. त्याच्याकडून परत घ्यायला कुणी पुढं झालं नाही. पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला मल्लिकार्जुनअप्पा स्वतः गेला. त्याचा चेहरा मातीसारखा झाला होता. कुणी त्याला बोल लावला नाही, त्याची गरजही नव्हती.

गर्दी पांगत असताना जळकोटचा साहेबराव मागं रेंगाळला. त्याचा ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला चालूच होता आणि काळा धूर ओकत होता.

"ताई," तो खाली बघत म्हणाला, "माझ्या ट्रॅक्टरला बी महाराजांच्या शिष्यानं खरारा केलाय. तवापासून लई ओढतोय. पण वाजून बी राहिलाय."

"चालवतं कोण?"

"पोरगी. वावरात तीच असते."

लुंबिनीनं डोळे कोपरानं पुसले, कारण हात काळे होते. मग पाना उचलला.

"बंद करा आधी. बंद करा आणि झाकण उघडा. मी बघते."

साहेबराव पळत गेला आणि त्यानं इंजिन बंद केलं. मोंढ्यात एकदम शांतता झाली.

वाचणाऱ्यांनो, मागणं एवढंच आहे. गाडी असो, औषध असो, कुणाचा आशीर्वाद असो, जिथं कुणी म्हणतं उघडून बघू नका, तिथं आधी उघडून बघा. विचारा, मोजा, दुसऱ्याला दाखवा. देवाच्या भीतीनं शंका घेणं नको वाटत असेल तर ज्याच्यावर तुमचा जीव आहे त्याच्यासाठी तरी शंका धरा, आणि वेळेवर धरा.