पंप धुतल्याचं पाणी

नाक धरा हवं तर, पण ऐकून घ्या. मी फवारणीचा पंप बोलतोय. राळेगाव तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यात, धरमसिंगच्या अंगणातल्या कडुनिंबाला मी टांगलेला असतो. पाठीवर अडकवायचे दोन पट्टे, पोटात टाकी, खाली बॅटरी आणि हातात धरायची लांब नळी, एवढाच माझा पसारा. लहान मूल माझ्याजवळ आलं की मोठी माणसं त्याला दंडाला धरून ओढून नेतात. बरोबरच आहे त्यांचं. पण ज्यांना लेकरू माझ्यापासून लांब ठेवायचं कळतं, त्यांना पाणी माझ्यापासून लांब ठेवायचं कळू नये, याचा मला संताप येतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी हळद लागलेल्या नवरदेवासारखा पिवळाधमक होतो. खोक्यात माझ्यासोबत हातमोजे होते, तोंडाला लावायची पट्टी होती, आणि मला कसं वापरायचं ते सांगणारं पुस्तक होतं. धरमसिंगनं मला घरी आणलं त्याच दिवशी पोरांनी हातमोज्यांत हवा भरून फुगे केले. पुस्तकाची पानं बसंतीबाईंनी, म्हणजे धरमसिंगच्या आईनं, चूल पेटवायला घेतली. पट्टी मात्र खुंटीवर जपून टांगली. शेतीखात्याचे साहेब आले की दाखवायला.

ती वर्षं बोंडअळीची होती. जी अळी आता येणारच नाही असं सांगून महागाचं बियाणं गळ्यात मारलं, तीच बोंडात ऐसपैस बसलेली. कृषी केंद्राचा मालक म्हणायचा, "एकानं काही होत नाही भाऊ. हे बी मिसळ अन् हे बी मिसळ. गॅरंटीनं मरते." कोण मरते, ते मात्र त्यानं कधी सांगितलं नाही. धरमसिंग माझ्या टाकीत सगळ्या बाटल्या एकत्र ओतायचा आणि तुराटीनं ढवळायचा. त्या सगळ्याला तो औषध म्हणायचा. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, त्याच्या डोक्याच्या वर गेलेली. मी वर फवारायचो आणि ते उलटून त्याच्याच तोंडावर यायचं. संध्याकाळी डोळे चुरचुरले की म्हणायचा, "ऊन लागलं." अळी मेली की नाही देव जाणे, पण धुऱ्यावरच्या, शेताच्या बांधावरच्या मधमाश्या गेल्या, नाल्यातले बेडूक गेले. त्यांचा पंचनामा करायला कोणी येत नाही. आला असता तर पुढचं टळलं असतं.

त्यातल्याच एका भादव्यात धरमसिंगची बायको वर्षा बाळंत झाली. पहिला मुलगा. बसंतीबाईंचे पाय जमिनीवर ठरेनात. या लोकांत बाळंतीण पाण्याची पूजा करते, तिला जळवा म्हणतात. ज्याच्यावर जगायचं त्याच्यापुढे आधी वाकायचं, अशी ती रीत. मला ती फार आवडते. माणसांनी ती नीट पाळली असती तर मला बोलायची वेळच आली नसती.

जळव्याच्या आदल्या दिवशी बसंतीबाईंनी घर सारवलं, गोधड्या धुतल्या, भांडी घासली. मग त्यांची नजर माझ्यावर गेली.

"धरम, तो पंप आंधी धुऊन आन. तान्हं लेकरू हाय घरात. वास येऊन राह्यला त्याचा."

"धुतो ना याडी," धरमसिंग आईला म्हणाला. "हरिसिंगले बी सांगतो. साऱ्या तांड्याचेच धुऊन काढतो. उद्या पूजा हाय, घाण नको कुठंच."

आणि ते आम्हाला घेऊन विहिरीवर गेले. शेजारचा हरिसिंग होता, आणखी चारपाच जण होते. पाणी हाताशी, ओटा ऐसपैस. टाक्यांत उरलेलं सगळं ओट्यावर उपडं केलं, आम्हाला आतून खळखळून विसळलं. तो ओटा कधीचा फुटलेला. त्यावर सांडलेलं पाणी भेगांतून परत विहिरीत जातं, आणि पाण्याचा एक थेंब वाया जात नाही म्हणून तांड्याला त्या भेगांचं कौतुकच होतं.

ही माणसांची कसली स्वच्छता? घरातली घाण दाराबाहेर काढली की झालं? दाराबाहेर जे आहे तेच हे लोक पितात, खातात, श्वासात घेतात, आणि तरी त्यांना वाटतं, उंबरठा ओलांडला की विष दुसऱ्याचं झालं.

दुसऱ्या दिवशी वर्षा नवी ओढणी घेऊन विहिरीवर गेली. हळदकुंकू वाहिलं, दिवा लावला, ओट्यावर डोकं टेकलं. कळशी भरून घरी आणली. त्या पाण्यात घुगरी शिजली, ते पाणी सगळ्यांनी तीर्थासारखं घोटघोट घेतलं. बाळंतीण म्हणून वर्षाला सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त दिलं.

दुपारी ती अंगणात ओकायला आली. अंगाला घाम, तोंडातून लाळ, समोरचं दिसेना. मग घुगरी खाल्लेली पोरं एकेक करून पोट धरून बसली. जीप भरून सगळ्यांना यवतमाळला नेलं. मी कडुनिंबावरून बघत होतो आणि बाळ उपाशी रडत होतं.

दोन दिवसांनी धरमसिंग कपडे न्यायला आला. बसंतीबाई दारातच बसल्या होत्या.

"जगते, याडी. पोट्टे बी जगतात. पण वर्षाचं दूध गेलं," तो म्हणाला. "डॉक्टरबाई म्हने, घरात फवारणीचं औषध होतं का? म्या म्हटलं, नाही बाई, घरात आम्ही वास बी येऊ देत नाही. पंप सुदा आदल्या दिशी इहिरीवर धुऊन..."

बसंतीबाईंनी पदर तोंडात कोंबला. धुऊन आण असं त्यांनीच सांगितलं होतं.

डॉक्टरबाईंनी त्याला खडसावून सांगितलं, विहिरीवर पंप धुवायचा नाही. धरमसिंगनं बाळाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. विहीर उपसली, ओटा सिमेंटनं बुजवला. अशक्त झालेल्या वर्षाला तिचा भाऊ शाम माहेरी घेऊन गेला. बाळही तिच्यासोबत गेलं.

आज पुन्हा फवारणी झाली. आणि धरमसिंग शपथेला जागला. मला विहिरीकडे नेलंच नाही. नाल्यावर नेलं. वाहत्या पाण्यात मला उपडं केलं, मन लावून धुतलं, फेस दूर वाहून जाईपर्यंत उभा राहिला आणि हात पुसत म्हणाला, "गेलं."

कुठं गेलं रे? याच नाल्याच्या उताराला वर्षाचं माहेर आहे. तिथली माणसं काठाच्या वाळूत झिरा उकरून पाणी भरतात. जावई म्हणून तू कितीदा ते पाणी प्यायलास.

मला बोंबलता येत नाही. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला निघालं असेल तर पाय उचला. नाल्याचं पाणी चालायला लागलंय. वर्षाला सांगा, आज झिऱ्यावर जाऊ नकोस.