बुटकी निलगिरी

रोपवाटिकेच्या वाटणीत सासऱ्यांनी ती निलगिरी धाकट्या जावेच्या पदरात टाकली, त्या दिवशी माझ्या डोक्यात जी सणक गेली ती गेलीच. ते कलम मी बांधलेलं. साध्या निलगिरीच्या रोपावर लाल फुलांच्या झाडाची काडी बसवली आणि ती धरेपर्यंत लेकरासारखी जपली. झाड माणसाच्या डोक्यापलीकडे फारसं वाढलं नाही. कळीची टोपी गळून पडायची आणि आत पाकळी म्हणून नाही, नुसते लालभडक तंतू फुलून यायचे. रोपवाटिकेत शिरलेलं गिऱ्हाईक आधी तिथंच थबकायचं.

जाऊ भारी हुशार. फुलं सरल्यावर राहणारी टणक बोंडं तिनं वाळवली, बी पेरलं आणि फाटकावर पाटी लावली, ‘लाल फुलांची बुटकी निलगिरी’. बियांची रोपं आईवर जातीलच असं नाही, हे मला पक्कं ठाऊक. तिनं जन्मात कलम बांधलं नव्हतं. ती हसत हसत रोपं विकायची आणि कुंपणाअलीकडे मी मूग गिळून गप्प.

काही वर्षांनी त्या झाडांना फुलं आली. कुणाकडे पांढरट, कुणाकडे फिक्कट गुलाबी, आणि उंची छपराच्या वर. लोक फाटकावर येऊन तिला नाही नाही ते बोलायला लागले. मी चहा घेऊन ऐकत बसायचे. तो चहा मला फार गोड लागायचा.

एका सकाळी ती माझ्या दारात आली.

“ताई, तुम्हाला माहीत होतं?”

“होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू विचारलंस कधी?”

ती तशीच परत फिरली. थोड्या वेळानं पलीकडून कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले. मग फुलांनी लगडलेल्या फांद्यांचा भारा आणून तिनं माझ्या उंबऱ्यावर आपटला.

“घ्या तुमचं झाड.”

फांद्या ताज्या होत्या. लगेच काड्या काढून बांधल्या असत्या, तर एखादी तरी जगली असती. मी चाकू घेऊन बसलेसुद्धा. पण काडी बसवायला खाली निलगिरीचं रोप हवं, आणि तसली रोपं होती फक्त तिच्याकडे. कुणी घेईना म्हणून पडून राहिलेली. ती कुंपणाला धरून रडत उभी होती. एक हाक मारली असती, तर तिनं नाही म्हटलं नसतं.

दुपारपर्यंत पानं मलूल झाली. मी हाक मारली नाही.