दोन गल्ल्यांचं जाजम

पाय पुसून या, मित्रांनो, आणि मांडी घालून बसा. मी एक जुनं जाजम आहे. लाल-निळ्या पट्ट्यांचं, सुती, चांगलं जाडजूड. खुर्च्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. खुर्चीत माणूस एकटा बसतो. माझ्यावर तो शेजाऱ्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसतो आणि 'जरा सरका' म्हटलं की सरकतो. शिवाय मला माणसं खालून कळतात. कोण ऐसपैस बसलं, कोण अवघडून कडेला टेकलं आणि कोण उठायच्या तयारीतच बसलं, हे मला लगेच समजतं.

माझा जन्म हातमागावर झाला. माग अरुंद होता, म्हणून विणकराने दोन लांब तुकडे विणले आणि मधोमध जाड दोऱ्याने शिवून टाकले. त्या शिवणीला हात लावून बघा. माझी सगळी गोष्ट तिथेच आहे.

मी आलो ते पलूसच्या पुढे, नदीच्या अंगाला असलेल्या एका गावात. त्या गावात बाहेरून आलेल्या माणसांच्या दोन गल्ल्या होत्या. बस्ती गल्लीतल्या जैनांचे पणजोबा दुष्काळात बेळगावकडून बैलगाडीत संसार घालून आले होते. बस्ती म्हणजे त्यांचं मंदिर, त्यावरून गल्लीचं नाव पडलं. वडर गल्लीतल्यांचे पणजोबा त्याहून लांबून आले, गाढवांवर पालं आणि पहारी लादून, विहिरी खोदायला. एका गल्लीत घरात कानडी बोलायचे, दुसरीत तेलुगूच्या वळणाची बोली. दोघांचं मराठी ऐकून गाव सारखंच हसायचं.

गावाचं स्वतःचं एक जाजम होतं म्हणे. पण या दोन गल्ल्यांत लग्न निघालं आणि कुणी ते मागायला गेलं, की ते नेमकं धुवायला टाकलेलं असायचं. शेवटी दोन्ही गल्ल्यांच्या जाणत्यांनी वर्गणी काढली, अर्धी तुमची अर्धी आमची, आणि मला गावात आणलं. मी आलो तेव्हा गावचं जाजम कुठल्या कोपऱ्यात तोंड लपवून बसलं होतं कोण जाणे. मी मात्र दोन गल्ल्यांचा मानकरी झालो आणि ती ऐट अजून उतरलेली नाही.

तरी एक गोष्ट होती. मला एकत्र घेतलं, पण माझ्यावर बसायचे ते वेगवेगळे. बस्ती गल्ली शिवणीच्या अलीकडे, वडर गल्ली पलीकडे. तसं कुणी ठरवून दिलं नव्हतं, पण चुकायचं कुणीच नाही. जेवणाचंही तसंच. वडर गल्लीत लग्न असलं की बस्ती गल्लीकडे कोरडा शिधा जायचा आणि तो त्यांच्याच चुलीवर शिजायचा. मला ते आवडायचं नाही. पण जाजमाला कोण विचारतो?

वर्षं गेली तशा दोन्ही गल्ल्या वर आल्या. मात्र सारख्या वर आल्या नाहीत. बस्ती गल्लीने जमिनी घेतल्या, ऊस लावला, पलूसला दुकानं काढली. मुलं शिकून सांगलीला डॉक्टर झाली, पुण्याला गेली, त्याही पलीकडे गेली. वडर गल्लीने आसपासच्या कितीतरी मळ्यांच्या विहिरी खोदल्या, पण त्या पाण्यावर पिकलेला ऊस दुसऱ्याचा असायचा. काम संपलं की बिऱ्हाड उचलून पुढच्या गावी, आणि बिऱ्हाडाबरोबर मुलांची शाळाही सुटायची. पुढे यंत्रं आली आणि हातची कामं गेली. मग त्यांनी हट्टाने एका जागी राहून मुलं शाळेत बसवली. कुणी ट्रक घेतला, कुणी सैन्यात गेलं. वडर गल्लीत पहिलं स्लॅबचं घर झालं तेव्हा वास्तुशांतीला मलाच अंथरलं होतं. त्या दिवशी माझ्यावर बसलेल्या बायका सारख्या वर छताकडे बघत होत्या आणि मला हसू येत होतं.

आता माझ्या दुःखाचा दिवस सांगतो. बिराप्पा हे वडर गल्लीचे जाणते. त्यांच्या मुलाचं, कृष्णातचं, लग्न होतं. बिराप्पांच्या मनाने घेतलं की यावेळी शिधा पाठवायचा नाही. बस्ती गल्लीने वडर गल्लीच्या मांडवात, वडर गल्लीच्या हातचं जेवायचं. ते नेमिनाथ अण्णांकडे गेले. अण्णा बस्ती गल्लीतले वडीलधारे. ते येतो म्हणाले. बिराप्पांनी कांदा, लसूण, बटाटा मांडवाच्या आसपास फिरकू दिला नाही. नवी पातेली आणली. पाणी स्वच्छ फडक्यातून गाळून घेतलं. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, स्वतः उभं राहून शिजवून घेतली. अण्णा आणि त्यांची गल्ली दिवस मावळल्यावर जेवत नाही, तो त्यांचा नेम. म्हणून पहिली पंगत उन्हातच बसवायची ठरली.

पण नवरीकडचं वऱ्हाड शिराळ्याहून येणार होतं आणि त्यांची गाडी वाटेत बंद पडली. वऱ्हाड आल्याशिवाय पंगत कशी बसवायची, म्हणून बिराप्पा थांबले. बस्ती गल्ली माझ्यावर बसून राहिली. ऊन मांडवातून सरकत सरकत बाहेर गेलं. वऱ्हाड आलं, पत्रावळ्या मांडल्या, आणि तेवढ्यात दिवस बुडाला. नेमिनाथ अण्णांनी पश्चिमेकडे पाहिलं. मग ते हात जोडून उठले आणि एक शब्दही न बोलता निघून गेले. त्यांच्यामागे त्यांची सगळी गल्ली उठली. माझा अर्धा भाग एकदम हलका झाला. मला त्या क्षणी जे वाटलं ते मी कधी विसरणार नाही.

भांडण कुणीच केलं नाही. म्हणून ते मिटवायलाही कुणी आलं नाही. बस्ती गल्लीने खुर्च्यांचा हॉल बांधला आणि मी वडर गल्लीच्या समाजमंदिरात घडी होऊन पडलो. शिवण एका ठिकाणी उसवली. एका कडेला उंदरांनी पाहुणचार घेतला. गावात दोन गल्ल्या राहतात, त्यांचं एक जाजम आहे, हे नव्या मुलांना माहीतही नव्हतं.

मग परवा परवा प्रीती आली. नेमिनाथ अण्णांची नात, कोल्हापूरला समाजशास्त्र शिकते. बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या दोन समाजांचं आज कसं चाललं आहे, याची तुलना तिला अभ्यासासाठी करायची होती. तिने आपलीच गल्ली आणि वडर गल्ली निवडली. मला घडीतून काढलं, झटकलं आणि माझ्यावर बसून ती वडर गल्लीला एकेक प्रश्न विचारू लागली. घर कसलं, नळ कुठे, शिक्षण किती, आजारपणात कुठे जाता, अडचण आली तर कुणाला हाक मारता. शेवटच्या प्रश्नाला सगळे हसले. हाक कशाला मारायची, माणसं आधीच दारात असतात, असं बायका म्हणाल्या. प्रीतीने ते वहीत लिहून घेतलं. मग तिने सांगितलं की तिच्या गल्लीत याच प्रश्नावर म्हातारी माणसं फोनकडे बघत होती. बंगले मोठे आहेत, पण निम्म्यांना कुलपं आहेत.

"म्हणजे पैशात आम्ही पुढं आणि समाधानात तुम्ही, असं लिहू का?" तिने बिराप्पांना विचारलं.

बिराप्पा आता थकले आहेत, पण बोलणं पहारीसारखंच सरळ आहे. ते म्हणाले, "तसं लिवू नगंस, पोरी. एकी हाय म्हणून पोट भरत न्हाई. आमच्या पोरास्नी तुमच्यावानी शाळा पायजे, दवाखाना पायजे. आन तुमच्या म्हाताऱ्यास्नी आमच्यावानी माणसं पायजेत. दोनी गोष्टी दोनी गल्ल्यास्नी पायजेत, असं लिव."

त्या वाक्याने मी इतका फुगलो की माझ्यातली धूळ उडाली असेल.

तेव्हाच प्रीतीला उसवलेली शिवण दिसली आणि हे जाजम असं पडून का राहिलं, असं तिने विचारलं. बिराप्पांनी त्या लग्नाची हकिकत सांगितली. अण्णा का उठले ते मला ठाऊक आहे, त्यांच्या नेमाला मी कधी नाव ठेवलं नाही, असं ते म्हणाले. "पर एक शबुद तरी बोलायचा हुता," एवढं बोलून ते खाली बघत राहिले. दुसऱ्या दिवशी प्रीती पुन्हा आली ती सुई आणि जाड दोरा घेऊन. रात्री तिने आजोबांना त्या दिवसाबद्दल विचारलं होतं, शिवताना तिने त्यांचं उत्तर सांगितलं. एवढ्या मायेने केलेलं अन्न सोडून उठायचं, म्हणून त्यांना म्हणे तेव्हा रडू येईल असं वाटलं होतं. तोंड उघडलं असतं तर सगळ्यांसमोर रडलो असतो, म्हणून उठलो, असं ते म्हणाले. ते आता फार दिवसांचे सोबती नाहीत, हेही प्रीतीने हळूच सांगितलं. बिराप्पा बराच वेळ शिवणीवरून हात फिरवत होते. त्या दिवशी राहिलेली पंगत अण्णांच्या डोळ्यांदेखत झाली पाहिजे, हे त्यांनी तिथेच ठरवलं.

निमित्तही चालून आलं. बिराप्पांची नात, कृष्णातची मुलगी प्रियदर्शनी, फौजदार झाली. तिच्या पणजोबांच्या पालापुढे पोलीस उभा राहिला की बायका मुलांना आत ओढायच्या, आणि त्याच घरातली मुलगी आता वर्दी घालून गावात यायची होती. तिचा सत्कार माझ्यावर होणार होता. हॉल देतो, खुर्च्या देतो, असं बस्ती गल्लीतले तरुण म्हणाले. बिराप्पांनी आभार मानले आणि सांगितलं, खुर्च्या राहू द्या, माणसं द्या.

थंडीचे दिवस. दिवस लवकर मावळणारा. नवी पातेली आली, पाणी गाळलं, हुग्गी शिजली. नेमिनाथ अण्णांना दोघांनी धरून आणलं. ते माझ्यावर टेकले तेव्हा वजन असं जाणवलंच नाही, इतके ते वाळले होते. बस्ती गल्ली आली, चांगली भरून आली. हलगीवाले वेशीत उभे होते. आणि प्रियदर्शनीचा पत्ता नव्हता. तिचा फोन आला की इस्लामपूरच्या अलीकडे उसाची ट्रॉली उलटली आहे, रस्ता बंद आहे, गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत आहेत.

मित्रांनो, माझा तर जीव टांगणीला लागला. ऊन पुन्हा तसंच मांडवातून सरकत होतं. सत्कारमूर्ती आल्याशिवाय जेवणं उरकली तर लोक काय म्हणतील, असं कृष्णात बापाच्या कानाशी लागून सांगत होता. बिराप्पांनी एकदा पश्चिमेकडे पाहिलं.

"सत्कार मागनं हुईल," ते म्हणाले. "आदी पंगत बसवा."

पत्रावळ्या पडल्या. वाढपी धावले. हुग्गी आली, घेवड्याची भाजी आली. पण अण्णांनी पानाला हात लावला नाही. बिराप्पा हात जोडून समोर उभे राहिले. पाहुणे जेवल्याशिवाय घरधनी जेवत नाही, ही त्यांची रीत. अण्णांनी शेजारची जागा थोपटली. ती जागा नेमकी शिवणीवर होती.

"तूबी बस, बिराप्पा," ते म्हणाले. "तवा मी न बोलता उठलो. आज तुज्याबिगर घास उतरायचा न्हाई मला."

बिराप्पा बसले. दोन म्हाताऱ्यांनी एकाच वेळी पहिला घास घेतला. मग माझ्यावर कोण शिवणीच्या अलीकडे आणि कोण पलीकडे बसलं, याचा हिशोब मला ठेवताच आला नाही. माझ्या आयुष्यात मी इतका भरलेला कधी नव्हतो. शेवटचं पान उचललं आणि दिवस मावळला.

प्रियदर्शनी आली ती दिवेलागणीला. हलगी वाजली, ओवाळणं झालं, अण्णांच्या हस्ते नारळ आणि शाल दिली. वर्दीतली ती मुलगी दोघांच्याही पाया पडली. सत्कार उरकला. दिवसभराची उपाशी होती, पण ते कुणाला सांगत नव्हती. प्रीतीने ते ओळखलं. तिने माझ्यावर एक पान मांडलं, पदर खोचला आणि स्वतः वाढायला घेतलं. बस्ती गल्लीची मुलगी वडर गल्लीच्या मुलीला वाकून हुग्गी वाढत होती, आणि हे मी याच डोळ्यांनी पाहिलं.

थंडी वाढू लागली तशी घरची माणसं अण्णांना न्यायला आली. चला अण्णा, तुमचं जेवण झालंय, आता कशाला बसायचं, असं ती माणसं म्हणाली.

अण्णांनी हात हलवून त्यांना थांबवलं. "पोरगी जेवतीया," ते म्हणाले. "पंगत उठल्याबिगर कोण उठतं व्हय?"

मित्रांनो, प्रीतीच्या अभ्यासात कोण पुढे आणि कोण मागे हे ती लिहीलच, आणि ते लिहायलाही हवं. माझं मागणं लहान आहे. मला अधूनमधून ऊन दाखवा, उंदरांपासून जपा, शिवण उसवली तर लगेच दोरा घाला. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे मला घडी करून ठेवू नका, अंथरत राहा. त्या संध्याकाळी प्रियदर्शनीचा शेवटचा घास होईपर्यंत नेमिनाथ अण्णा माझ्यावर मांडी घालून बसून होते, आणि बिराप्पांचा गुडघा त्यांच्या गुडघ्याला लागलेला होता.