पूजेतला फिल्टर

खंडेनवमीच्या सकाळी, आमच्या सीट कव्हरच्या दुकानात, माझा थोरला भाऊ हिंदुराव स्वतःच्या स्कूटरच्या कार्बोरेटरमधून आत गेला. आधी गळ्यातला मफलर गेला, मग कान, मग उरलेला तो. चपला बाहेर राहिल्या. इंजिनचा आवाज जरा भरदार झाला, एवढाच फरक.

त्या दिवशी आमच्या गल्लीत कुठलंच मशीन चालवत नाहीत. हत्यारं पूजेत असतात आणि दसरा उजाडेपर्यंत पूजेतलं काही उचलायचं नसतं. माझी सीट कव्हरं शिवायची कात्री आणि सुई पाटावर होती. शेजारच्या चौगुल्यांची पिठाची गिरणी गप्प होती. हिंदुरावनं कार्बोरेटरच्या तोंडावरचा हवा गाळायचा फोमचा फिल्टर काढून त्याच पाटावर मांडला, त्याला कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. ते इंजिन शर्यतीसाठी घासून-कोरून तयार करणारा लतीफभाई तिथंच होता. फिल्टरशिवाय गाडी चालू करू नको म्हणून त्यानं हटकलं.

"माळ घातली की तो देवाचा," हिंदुराव म्हणाला. "गाडीला गाळीव हवा पाजायची म्हणजे पैलवानाला चमच्यानं दूध."

मग त्यानं किक मारली आणि आवाज ऐकायला कान खाली नेला.

हिंदुराव किल्लीनं इंजिन कधीच बंद करायचा नाही. कार्बोरेटरच्या उघड्या तोंडावर तळहात दाबायचा. दम कोंडला की इंजिन मरायचं. त्या तोंडाच्या काठाचा गोल वळ त्याच्या तळहातावर कायमचा उठलेला होता.

मी किल्ली फिरवली. पेट्रोलचा कॉकही बंद केला. इंजिन चालूच राहिलं. कशावर, ते कुणी विचारलं नाही.

"हात दाबून बंद करू?" मी म्हणालो.

"नको. बंद पडलं की आतलं आतच थिजतं," लतीफभाई म्हणाला. "असलं इंजिन ओढतं तसं मधूनच थोडं परत फेकतं. वाट बघ."

खरंच फेकलं. शर्टाचं बटण आलं. मग त्याच्या तंबाखूचा वास आला. मग त्याचा आवाज, "बाळकू, चहा टाकायला सांग."

मंगलवहिनीनं चहा टाकला आणि कप त्या तोंडापाशी धरला. कप हातातून गेला, थोड्या वेळानं रिकामा परत आला.

"साखर कमी पडली असणार," ती म्हणाली. "नाहीतर कप असा फेकत न्हाईत." ती मुरडून परत आत गेली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच तिच्या तोंडावर जरा तरतरी आली होती.

पण इंजिन फेकायचं कमी, ओढायचं जास्त. चौगुल्यांच्या पाटीवरची अक्षरं गेली. कडुलिंबाची सावली गेली, लिंब तिथंच राहिला. मग गल्लीच जवळ यायला लागली. कोपऱ्यावरचं मारुतीचं देऊळ पानपट्टीच्या जागी आलं, आणि पानपट्टी कुठं गेली हे विचारायला पानपट्टीवाला नव्हता.

चौगुले आले. "बाळकू, फिल्टर बसव. गल्ली चाललीय."

"आणि हे कुठनं येणार?" वहिनी म्हणाली. "त्या फोममधनं गाळून?"

"वहिनी, एका माणसापायी सगळी गल्ली घालवायची काय?"

"तुमचं काय गेलंय अजून?"

"पाटी गेली माझी."

"पाटीच गेली न्हवं."

गल्ली जमली आणि वाद सुरू झाला. कुणाचं मत काय, ते विचारायची गरज नव्हती. घरातलं काय कमी झालंय तेवढं बघायचं. ज्याचं माणूस गेलं नव्हतं तो म्हणायचा, बसवा. ज्याचं माणूस गेलं होतं तो म्हणायचा, तोंड उघडं राहू दे. पूजेतलं उचलायचं नसतं, हे दोन्ही पक्षांना आपापल्या सोयीनं आठवायचं. बोलता बोलता चौगुल्यांची मालकीण दारातून ओढली गेली, हातातल्या सुपासकट. सूप परत आलं. चौगुल्यांनी ते मांडीवर घेतलं आणि खाली बसले.

"राहू दे," ते म्हणाले. "घाई कशाला करायची."

माझं दोन्हीकडे होतं. आत भाऊ होता, बाहेर त्याच्या नावावरचं दुकान. म्हणून मी कुठल्याच बाजूला बोललो नाही. माणसं त्याला समजूतदारपणा म्हणतात.

लतीफभाईला राहवेना. एवढं ओढून आत इंजिन कसं चाललंय, ते ऐकायला त्यानं कान लावला. त्याची टोपी तेवढी परत आली. मग चौगुले गेले, सूप राहिलं. समोरची घरं एकेक करून पुढं आली आणि गेली. दुपार होती, पण ऊन दुकानाच्या उंबऱ्यापुरतंच उरलं होतं.

वहिनी तोंडापाशी वाकली. "आत जागा दिसतीय," ती म्हणाली. "चहाला काय झालं ते बघून येते. तेवढ्यात फिल्टर लावू नका, भावजी."

"न्हाई लावत," मी म्हणालो.

ती गेली. तिच्या मंगळसूत्राचा एक काळा मणी परत आला आणि टाइलवर घरंगळत माझ्या पायाशी थांबला. मग काहीच परत आलं नाही.

मागची भिंत माझ्या पाठीला टेकली. समोर स्कूटर होती, बाजूला पाट. मी पूजेतला फिल्टर उचलला. बोटांना कुंकू लागलं. फोम तेलानं ओला होता, माळ अजून ताजी होती. बसवला तर भिंत थांबली असती आणि मी दुकानात उरलो असतो, एकटा. नाही बसवला तर भिंत मला ढकलत त्या तोंडापर्यंत नेणार होती, आणि ते तोंड आता दोन तळहातांएवढं झालं होतं.

"हिंदुराव," मी आत हाक मारली. "लावू का?"

इंजिननं माझी हाक ओढून घेतली.

फिल्टर मी काखेत धरला आणि दोन्ही तळहात त्या तोंडावर दाबले, तो दाबायचा तसे. आवाज खाली आला, अडखळला. ओढ कोपरापर्यंत जाणवत होती. मग उजव्या हाताला काहीतरी गरम लागलं. आतून कुणीतरी तळहात टेकवला होता, अगदी माझ्या तळहातावर. त्यावर गोल वळ होता. तोही पूर्ण जोर लावून, त्याच्या बाजूनं, तोंड बंद करत होता.