सातव्याने विचारावं

उन्हाळा लागला की लॉजला सुट्टी लागायची. लॉज म्हणजे फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघाची शाखा. तिचा दिवाणखाना गाद्यांच्या दुकानाच्या डोक्यावर होता आणि दिवाणखान्याच्या डोक्यावर पत्रा होता. काळा कोट, पांढरे हातमोजे आणि पोटावर कातडी एप्रन अशा थाटात त्या पत्र्याखाली बसलं, तर माणूस विश्वबंधुत्वाला पोचायच्या आधी वाफेला जाऊन मिळाला असता. म्हणून सुट्टी. गादीवाल्यालाही तेवढीच विश्रांती. एरवी वर हातोडी आपटली की खाली गादीवर आडवं होऊन बघणारं गिऱ्हाईक दचकून उठायचं आणि गादीवाला म्हणायचा, "झोपा हो झोपा, वर सभ्य गृहस्थ आहेत."

सुट्टीत एकच काम उरायचं. जिन्याच्या तोंडाशी उन्हाळ्याच्या बातम्या लावायच्या. ते काम चिटणिसांचं, म्हणजे दातवाल्यांचं. आयुष्यभर त्यांनी गावाचे दात उपटले आणि बसवले. गावाने त्याबद्दल त्यांचं नाव उपटलं आणि हे बसवलं. आता दवाखाना बंद होता, दातवाले मात्र चालू होते. या वर्षी त्यांनी सुरेख अक्षरात लिहिलं होतं, की बंधू पाववाले यांच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली असून गुडघा समाधानी आहे, बंधू नाहीत. सभागृहातला पंखा पूर्वी नुसता आवाज करायचा, आता तोही करत नाही. कुटुंबमेळावा येत्या रविवारी मागच्या अंगणात होईल, बायकामुलांनी अगत्याने यावं, जिना मात्र चढू नये.

खरी बातमी त्यांनी लिहिलीच नव्हती. लॉज उघडायला सात माणसं लागतात. सहा असली तर ते लॉज नव्हे, ती सहा म्हातारी माणसं. सातवे बंधू थडग्यांवर आणि पाट्यांवर नावं कोरायचे. ते गेल्या थंडीत छिन्नी गुंडाळून मुलाकडे राहायला गेले. उरले अध्यक्ष औषधवाले, चिटणीस दातवाले, गुडघेवाले पाववाले, दाराबाहेर तलवार घेऊन उभे राहणारे बिगुलवाले (यांना ऐकू येत नसल्यामुळे आतली गुपितं सुरक्षित), आणि दोन सख्खे भाऊ. या भावांचं घरी बोलणं नव्हतं. लॉजमध्ये मात्र ते एकमेकांना "बंधू" म्हणायचे, कारण तिथे म्हणावंच लागायचं.

संघाच्या मुख्य कचेरीतून निरोप आला होता. उन्हाळा सरेपर्यंत सातव्याचा निदान अर्ज दाखवा, नाहीतर नदीपलीकडच्या लॉजात जाऊन मिळा. नदीपलीकडे गार हवेचं यंत्र होतं, गालिचा होता आणि तिथले लोक विधीचे पाठ म्हणायचे ते कागदात बघून! दातवाल्यांना हे ऐकूनच दाढ ठणकल्यासारखं व्हायचं. या गावात ते नवखे आले तेव्हा ओळखीचं कुत्रंदेखील नव्हतं. संध्याकाळी दवाखाना मिटला की खानावळीच्या खोलीत भिंत आणि ते. त्या दिवसांत याच जिन्याने त्यांना वर घेतलं, कुणीतरी खांद्यावर हात ठेवला आणि "बंधू" म्हणालं. तो हात कधीच गेला. खांदा अजून त्याची वाट बघायचा.

"मग घ्या की कुणाला तरी बोलावून," बायको म्हणाली. ती शिवणयंत्रावर उशीचा अभ्रा शिवत होती.

"अगं, बोलवायचं नाही हाच तर दंडक. ज्याला यायचं त्याने आपणहून विचारायचं. आम्ही 'या' म्हणायचं नाही, सुचवायचं नाही, कोपरखळीसुद्धा मारायची नाही. शपथ आहे."

"म्हणजे भुकेल्याला जेवलास का म्हणायचं नाही. त्याने ताट मागितलं तर वाढायचं."

"तसंच काहीसं."

बायकोला बोलता बोलता जुळवायची खोड होती. यंत्राचं चाक थांबवून तिने दोरा तोडला आणि म्हणाली,

"सहा म्हातारे, एक तलवार,
सातव्यावाचून उघडेना दार."

"हसतेस काय? सातवा घरातच आहे," दातवाले कळवळून म्हणाले. "आपले जावई. दर मेळाव्याला येतात, खुर्च्या मांडतात, बर्फ फोडतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, एका शब्दाने कधी विचारलं नाही, की बाबा, तुमचं ते काय असतं? मनातच नाही त्यांच्या. म्हातारी खोडं म्हणत असतील आम्हाला."

जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. माणूस कमी बोलणारा, हात काळे, मन निर्मळ. दातवाल्यांना तो आवडायचा. पण हे त्यांनी लॉजच्या गुपितासारखंच जपलं होतं.

रविवारी अंगणात दोरीवर पताका लागल्या. चिंचोळ्या सावलीत खुर्च्या दाटीवाटीने बसल्या आणि खुर्च्यांवर बायका. जावई पोत्यात गुंडाळलेल्या बर्फाच्या लादीवर हातोडा मारत होता. दातवाले त्याच्याभोवती दोनदा फिरले, तिसऱ्यांदा थांबले.

"काय जावईबापू, कसं काय वाटतंय?"

"उकडतंय."

"तसं नव्हे. हे सगळं. ही मंडळी."

"चांगली आहेत." जावयाने घाम पुसला. "वय झालंय जरा."

"हं. वय तर झालंय." दातवाल्यांनी घसा साफ केला. "तुमच्या मनात काही विचारायचं वगैरे..."

मागून औषधवाले मोठ्यांदा खोकले. खोकल्याचं औषध विकून त्यांनी घर बांधलं होतं, तेव्हा हा खोकला दुखण्याचा नव्हता.

जावई मात्र थांबला. हातोडा खाली ठेवून त्याने इकडेतिकडे पाहिलं. "विचारू का? बरेच दिवस मनात आहे. पण तुम्हाला काय वाटेल..."

"काही वाटणार नाही! विचारा, विचारा!"

"तुमच्या दवाखान्यातली ती खुर्ची. वर-खाली होणारी. तिचा पंप विकणार का?"

दातवाल्यांनी बर्फाचा खडा उचलून तोंडात टाकला. नसता टाकला तर तोंडातून दुसरंच काही निघालं असतं.

दुपारी रस्सीखेच होती. एका बाजूला बंधू, दुसऱ्या बाजूला घरची मंडळी. पाववाल्यांना गुडघ्यामुळे खुर्चीवरून उठता येईना, म्हणून जावयाने आपणहून बंधूंच्या शेपटाला जाऊन दोर धरला. दातवाल्यांनी मागे वळून पाहिलं. घामाने डबडबलेला, पाय रोवून उभा.

"थांबा!" औषधवाले ओरडले. दंडक म्हणजे दंडक, मग तो दोराचा का असेना. "ही बाजू बंधूंची आहे. बाहेरच्यांनी त्या बाजूला."

जावयाने दोर सोडला. हात पँटला पुसले. "बरोबर आहे. बाहेरच्याने बाहेरच राहावं," तो शांतपणे म्हणाला. मग हत्यारांची पिशवी खांद्याला लावून स्कूटरकडे गेला, आणि त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. इकडे शिट्टी झाली. बिगुलवाल्यांना ती ऐकू आली नाही, दातवाल्यांचं लक्ष स्कूटरच्या धुराकडे होतं, आणि अख्खं बंधुत्व एका झटक्यात धुळीत नाकावर आपटलं. दोघे भाऊ एकमेकांच्या अंगावर पडले. "उठा बंधू," एक म्हणाला. "तुम्ही आधी उठा, बंधू, तुम्ही वर आहात," दुसरा म्हणाला.

लेक तणतणत आली. बाबांच्या कोटावरची धूळ झटकता झटकता तिने चार धपाटेही घालून घेतले.

"झालं समाधान? बाहेरचा! दर वर्षी घरी जाऊन हे मला विचारतात, मी काय कमी आहे गं? तुझ्या बाबांनी मला एकदा तरी बोलवावं लॉजला. जावयाला बोलावणं नको? न बोलावता कोण जाईल? आपला काही मान आहे की नाही माणसाला?"

दातवाले तिच्याकडे वळले. "ते... बोलावण्याची वाट बघतायत?"

"मग काय बर्फ फोडायची हौस आहे त्यांना?"

"आणि मी त्यांच्या विचारण्याची वाट बघतोय!" दातवाल्यांनी तिला दंडक सांगितला. ऐकताना लेकीचं तोंड उघडत गेलं, ते बरंच उघडं राहिलं. दातवाल्यांना सवयीने तिची मागची दाढ दिसली आणि तीत भरायला हवं हेही दिसलं.

"मग सोपं आहे. मी सांगते त्यांना, विचारा म्हणून."

"नको!" दातवाले आणि औषधवाले एकदम ओरडले. "तू सांगितलंस म्हणजे आम्हीच सांगितल्यासारखं. अर्ज बाद!"

सरबताचे पेले गोळा करत आलेली बायको हे ऐकत उभी होती. तिने पेल्यावर पेला ठेवला आणि ताल धरला,

"विचारी त्याला आतली बात,
न विचारी तो धरी दात."

मग ती नवऱ्याकडे वळली, तेव्हा तिच्या आवाजात ताल उरला नव्हता. "लॉजला बोलवायला शपथ आडवी आली, कबूल. घरी बोलवायला कोण आडवं आलं होतं? आजवर कधी त्या मुलाला स्वतःच्या तोंडाने म्हणालात, या, बसा, जेवायला थांबा? 'त्यांना सांग हं.' 'त्यांना विचार गं.' सगळे निरोप लेकीच्या पदरात टाकून तुम्ही मोकळे. आणि आता म्हणे ते विचारत नाहीत!"

बायकोची बोलणी दातवाल्यांच्या अंगवळणी पडली होती, पण या वेळी आत खोल कुठेतरी नस उघडी पडली होती आणि तिला हवा लागत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पत्ता विचारत विचारत एका उंच इमारतीत पोचले. लिफ्टचं दार उघडं होतं, त्यात आडवी साखळी होती आणि दाराच्या आत मजल्याऐवजी खड्डा होता. खड्ड्यात दिवा, दिव्याखाली जावयाचं डोकं.

"जावईबापू!"

डोकं दचकून वर झालं. चेहऱ्यावर वंगणाचा पट्टा, आणि पट्ट्याखालून रंग उडालेला. "बाबा? तुम्ही? काय झालं? आई बऱ्या आहेत ना?"

दातवाल्यांना ते लागलं. सासरा दारात दिसला की कुणीतरी आजारीच असणार, इतकीच आपली ओळख.

"सगळे बरे आहेत. मी... तुम्हाला जेवायला बोलवायला आलोय. आज रात्री."

"हिने पाठवलं?"

"नाही. मीच आलो. दोन बस बदलून आलो."

जावई शिडीने वर आला. काय करावं न सुचून त्याने चिंधीने हात पुसले, ते आधीच होते तितकेच काळे राहिले. "येतो," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने पुन्हा, "येतो की."

काल जे झालं त्याबद्दल दातवाल्यांना बरंच बोलायचं होतं. वाटेत त्यांनी ते पाठही केलं होतं. पाठांतरात त्यांचा हात धरणारा नदीच्या अलीकडे-पलीकडे कुठल्याच लॉजात नव्हता. पण आत्ता एक ओळ आठवेल तर शपथ. त्यांनी वर पाहिलं. अंधाऱ्या विहिरीतून जाड तारा वर वर गेल्या होत्या आणि अगदी टोकाला कुठेतरी उजेडाचं बोट दिसत होतं.

"या तारा वर कुठे जातात हो?"

"गच्चीवर. यंत्राच्या खोलीत. सगळी गंमत तिथेच असते."

"मला बघता येईल?"

जावयाने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. गालावरचा पट्टा हलला, मग सगळा चेहराच हसला.

"मी किती वर्षं वाट बघतोय, बाबा, तुम्ही कधीतरी विचाराल म्हणून. आपणहून काय दाखवायचं? म्हटलं, दाताच्या डॉक्टरला आपल्या वंगणाचं काय कौतुक!"

लिफ्ट बंद, म्हणून दोघे जिन्याने निघाले. दातवाले दर मजल्यावर श्वासासाठी थांबले आणि जावई दर मजल्यावर, काहीतरी तपासायचं असल्यासारखा, थांबला. गच्चीवर ऊन नुसतं उभं होतं. खोलीच्या दारावर लाल अक्षरं होती, आत येण्यास सक्त मनाई. जावयाने किल्ली लावली आणि बाजूला होऊन सासऱ्यांना पुढे घातलं.

आत मोठं काळं चाक होतं. त्यावरून तारा अशा अलगद उतरल्या होत्या, की जणू कुणी वेणी घालून सोडल्या आहेत. जावई हात लावून लावून सांगत होता. हा ब्रेक, हे वजन, खोका वर गेला की हे खाली, हे वर आलं की खोका खाली. इतकं बोलताना दातवाल्यांनी त्याला कधी ऐकलं नव्हतं. अख्खी इमारत दिवसभर वर-खाली करते आणि इथे काय आहे हे एकालाही ठाऊक नाही, असं तो म्हणाला, तेव्हा त्याच्या आवाजात अभिमान होता आणि थोडं एकटेपण. ते एकटेपण दातवाल्यांनी लगेच ओळखलं. खानावळीच्या भिंतीकडे बघत ते त्यांनी पाळलं होतं. त्यांनी हात उचलला आणि जावयाच्या खांद्यावर ठेवला. शर्ट वंगणाने चिकट होता. हात तिथेच राहिला.

"तुमच्या त्या वरच्या खोलीत काय असतं?" जावयाने चाकाकडे बघत विचारलं.

"ते सांगता येत नाही."

"हं." तो जरा घुटमळला. "मग आत यायला माणसाला काय करावं लागतं? कुणी बोलवावं लागतं का?"

दातवाल्यांनी चाकाचा आधार घेतला, आणि शर्टाची बाही कोपरापर्यंत काळी झाली.

"नाही," ते म्हणाले. "हे आत्ता केलंत ना, तेवढंच करावं लागतं."

"काय केलं मी?"

पण खालून कुठल्याशा मजल्यावरून एक बाई जाळीच्या दारावर थापा मारत ओरडत होती, की लिफ्टवाले जिवंत आहेत का गेले, माझ्या पिशव्या काय तुमचा बाप वर आणणार आहे?

"आणतो, आणतो!" दातवाले जिन्याकडे धावत ओरडले. "बाप येतोय!"