घड्याळाच्या पट्ट्याखालचा अवतार

भेटीची वेळ झाली की वॉर्डाच्या दारात नुसती झुंबड! खिडकीजवळच्या खाटेवर शिंपीकाका बसलेले. चेहरा आणि हात निळेराखाडी. ठोके बेताल पडू नयेत म्हणून कित्येक महिने त्यांच्या शिरेतून औषध चाललं होतं. पण ते कुणाला आठवतंय? निळा रंग पाहून लोकांनी त्यांना देवाचा अवतारच ठरवलं होतं.

"काका, माझ्याभोवती काय दिसतं हो?" समोरच्या दिव्याखाली उभी राहून लॉन्ड्रीवाली विचारी.

"रंगीत कडं दिसतंय बाई."

काका दिसेल तेच सांगत. लॉन्ड्रीवाली मात्र धन्य धन्य!

"पुण्यवानांनाच वलय असतं!" काकांचा मेव्हणा बाजूला उभा राहून ओरडे. "हात लावू नका, तेज उतरेल! चला, पुढचा पुण्यवान दिव्याखाली!"

त्या दिवशी त्यानं जाहीर केलं, "उद्या सुई काढायची. अवताराला औषध कशाला?"

सुईला कंटाळलेल्या काकांनी मान डोलावली. खाटेशी जप करत बसलेल्या काकूंना मात्र जुनी गोष्ट आठवली. मागे शीर सुजली म्हणून औषध थोडा वेळ थांबलं, तेव्हा काका घास हातात धरूनच कोसळले होते.

काकूंचा उपास होता. जप पुरा करून त्या हळूच उठल्या आणि डॉक्टरीणबाईंना घेऊन आल्या. मग रोज अंग पुसताना दिसणारी गोष्ट त्यांनी सगळ्यांना दाखवली: काकांच्या मनगटावरचं घड्याळ सोडलं. पट्ट्याखाली गोरीगव्हाळ कातडी!

"भाऊ, अवतार पट्ट्यापाशीच कसा रे अडला?"

"पट्ट्याखाली ऊन पोचत नाही म्हणून," डॉक्टरीणबाई हसल्या. "हे औषध कातडीत साठतं. त्यावर ऊन पडत राहिलं की क्वचित असा रंग येतो. बुबुळावर साठलं की दिव्याभोवती कडी दिसतात."

काकूंनी समोरचा दिवा मालवला. "अहो, आता?"

"गेलं की कडं!"

"अगं बाई, माझं पुण्य!" लॉन्ड्रीवाली किंचाळली.

"तरीच!" मेव्हणा पुटपुटला. "मला कधीच वलय नव्हतं..."

"बाजूला उभा राहायचास ना तू," काकू म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी खिडकीचा पडदा ओढला. "डोळे तपासू, औषध बदलता येतं का तेही बघू. पण आपल्या मनानं बंद केलंत, तर ठोके पुन्हा उधळतील."

काकांनी सुईचा हात मुकाट्यानं उशीवर ठेवला.

"उपास माझा चालू, औषध ह्यांचं चालू," काकू सौम्यपणे गर्दीला म्हणाल्या. "देवाला हात जोडा, मीही रोज जोडते. पण कुणाच्या सुईला हात घालण्याआधी डॉक्टरांना विचारा. विचारायची बुद्धीही त्यानंच दिलीय ना?"